अर्ध्या सेकंदाचा हिशेब

अर्धा सेकंद म्हणजे फार तर पापणी लवायला लागणारा वेळ. ज्या काळात बँकेत टोकन हातात घेऊन माणसे तासतासभर बाकावर बसत आणि 'साहेब जेवायला गेलेत' हे ऐकूनही मुकाट्याने वर्तमानपत्राची घडी उलगडत, त्या काळात अर्ध्या सेकंदाची तक्रार कोणी केली असती तर त्याला वेड्यात काढले असते. २०२४ च्या मार्च महिन्यात मात्र सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला हा अर्धा सेकंद स्वस्थ बसू देईना. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जी वाट वापरतात, तिचे दार उघडायला पूर्वी ०.२९९ सेकंद लागत, आता ०.८०७ सेकंद लागत होते. फ्रॉइंड काही संगणक-सुरक्षेचा जाणकार नव्हे. तो पोस्टग्रेस नावाच्या माहितीसाठ्याच्या प्रणालीवर काम करणारा माणूस. तिचा वेग मोजायचा म्हणून त्याला आपले यंत्र शांत हवे होते, आणि ते शांत बसत नव्हते. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत आलेली विचित्र तक्रारही त्याला आठवली. तो धागा धरून मागे मागे गेला, आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने जगाला कळवले की लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांना कोणीतरी चोरदरवाजा बसवण्याच्या बेतात आहे.

बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला याचे काय, असे वाचक म्हणतील. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. माझी ३७ वर्षे व्हाउचरे पास करण्यात, सह्या ताडून पाहण्यात आणि न जुळणाऱ्या बेरजा जुळेपर्यंत रात्री जागण्यात गेली. पण पुण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारा माझा भाचा ही हकीकत सांगू लागला तेव्हा अर्ध्यातच मी त्याला थांबवले. म्हटले, "अरे, हा तर आमच्या ओळखीचा चोर आहे. कुलूप न फोडणारा."

लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण हौसेखातर एक संगणक-प्रणाली लिहीत आहोत. तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन हा हट्टी गृहस्थ १९८३ पासून संपूर्ण मुक्त प्रणाली उभारायच्या मागे होता. त्याची हत्यारे तयार होती, मधला गाभा तेवढा नव्हता. १९९२ मध्ये लिनसने आपला गाभा स्टॉलमनच्याच परवान्याखाली आणला. परवाना असा की कोणीही ही प्रणाली वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. अट एकच, ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क मिळाले पाहिजेत. आज अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवाचून दुसरे काही दिसलेले नाही. दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्याची जी वाट मी वर म्हटली तिचे नाव एसएसएच. ती १९९५ मध्ये तातू इलोनेनने बांधली, तेही हेलसिंकीच्याच तंत्रविद्यापीठात, तिथल्या जाळ्यावरून कोणी पासवर्ड चोरले म्हणून चिडून. आणि ज्या छोट्या उपकरणातून चोरदरवाजा काढला गेला, ते फायली दाबून लहान करणारे एक्सझेड, त्याचा कर्ता लासे कॉलिन हाही फिनलंडचाच. तिन्ही गोष्टी एकाच चिमुकल्या देशातल्या. लांबलचक रात्री आणि बाहेर बर्फ, माणूस दुसरे करणार काय, असा माझा आपला अडाणी तर्क.

आता सगळ्यांना पडतो तो प्रश्न. कुलपाचा नकाशा चौकात टांगला तर चोराचे फावणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या फार आधी, १८८३ मध्ये, ऑग्यूस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलिपीबद्दल लिहिताना देऊन ठेवले आहे: यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी बिघडता कामा नये, गुपित असावे ते फक्त किल्लीचे. बँकवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. आमची स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी उघडते, एक किल्ली कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असते, हे गावातल्या पोरासोरांना माहीत असे. माहीत असल्याने तिजोरी उघडत नाही. उलट जिथे 'आमची पद्धत गुप्त आहे' असे सांगतात तिथे पद्धतच नसते, हा माझा अनुभव आहे.

शिवाय उघड्या कारभारात एक टाचण दुसऱ्या टाचणाशी ताडून पाहता येते. २००३ च्या नोव्हेंबरात असेच झाले. लिनक्सच्या गाभ्याची मूळ वही एका ठिकाणी असे आणि लोकांच्या सोयीसाठी तिची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी. त्या नकलेत कोणीतरी शिरून दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक निरुपद्रवी तपासणी होती, 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे काय?' अशी. या प्रणालीत शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. पण तुलना करायला दोन बरोबर-चिन्हे लागतात आणि तिथे एकच होते; एक चिन्ह असले की अर्थ होतो 'क्रमांक शून्य करा'. म्हणजे विचारण्याच्या मिषाने देऊन टाकणे! पकडले कसे? तर नकलेत नोंद होती आणि मूळ वहीत तिची मंजुरी नव्हती. डे-बुक आणि लेजर जुळेना. लिहिणारा कोण होता ते कळले नाही, पण ओळी मूळ वहीत कधी पोचल्याच नाहीत.

तेव्हा २००३ चा चोर भिंतीवरून उडी मारून आला होता. २०२१ मध्ये जो आला तो पुढच्या दाराने, नमस्कार करून, 'काही मदत करू का?' असे विचारत आला.

लासे कॉलिन २००९ पासून एक्सझेड सांभाळत होता. मेंटेनर म्हणतात अशा माणसाला. आपण राखणदार म्हणू. पगार नाही, कचेरी नाही, हाताखाली माणूस नाही. त्याचे उपकरण बहुतेक प्रत्येक लिनक्स यंत्रात जाऊन बसलेले, पण ज्यांच्या यंत्रात ते आहे त्यांना त्याचे नावही माहीत नाही. २०२१ च्या अखेरीस जिया टॅन या नावाने कोणी त्याला छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवू लागला. दुरुस्त्या बऱ्या होत्या. मग २०२२ मध्ये जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांची पत्रे येऊ लागली. ही नावे त्याआधी कुठे दिसलेली नव्हती आणि नंतरही कुठे दिसली नाहीत. सूर एकच: काम मंद चालले आहे, तुमचा उत्साह संपला आहे, लोक खोळंबले आहेत, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. जूनमध्ये कॉलिनने जे उत्तर लिहिले ते जाहीर आहे, आणि मी ते दोनदा वाचले. उत्साह गेलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे शक्ती पुरत नाही, असे त्याने मोकळेपणाने लिहिले. हे बिनपगारी हौसेचे काम आहे याची आठवणही दिली. आणि जिया टॅन मदत करतो आहे, पुढे त्याच्याकडे मोठी जबाबदारी जाईल असे वाटते, असेही म्हटले.

इथे मला थांबून आमच्या एका शाखेची गोष्ट सांगितली पाहिजे. शाखेचे नाव सांगत नाही. तालुक्याचे गाव होते आणि साल १९८९ होते, एवढे पुरे. सेव्हिंग्जच्या काउंटरवर एक कारकून होता. सकाळी शिपायाच्या आधी हजर. म्हाताऱ्या माणसांच्या स्लिपा भरून देई, पासबुके लिहून देई, बॅलन्सिंगच्या रात्री सगळ्यांना चहा तोच मागवी. वर्षानुवर्षे रजा नाही. इन्स्पेक्शनला येणारे अधिकारी त्याचे नाव घेऊन कौतुक करत. शाखेतल्या अधिकाऱ्यांच्या दोन जागा १४ महिने रिकाम्या होत्या, त्यामुळे अकाउंटंट तीन काउंटरांची व्हाउचरे एकटे पास करत. त्यांची पत्नी आजारी होती, दर आठवड्याला मिरजेला न्यावे लागे. संध्याकाळी हा कारकून व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन जाई आणि म्हणे, "साहेब, टॅली मारून ठेवलीय, तुम्ही नुसत्या सह्या करा आणि निघा. गाडी चुकेल." साहेबांच्या डोळ्यांत कृतज्ञतेने पाणी येई, हे मी पाहिले आहे.

त्याला टायफॉइड झाला आणि तो १५ दिवस घरी पडला. त्याच्या जागी दुसऱ्या शाखेतून नुकतीच लागलेली एक मुलगी आली. तिसऱ्या दिवशी ती एका शिक्षकाच्या विधवेचे पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "मॅडम, यांच्या पासबुकात ११,४०० आहेत आणि लेजरला १,४००." पासबुकातल्या नोंदी त्याच्याच अक्षरातल्या, सुवाच्य. बाहेर दिले जाणारे पुस्तक एक आणि आतली वही दुसरी. पुढे अशी २३ खाती निघाली. सगळी म्हाताऱ्यांची, विधवांची, आणि मुंबईला गिरणीत असलेल्यांच्या आईबापांची.

ग्राहकांचे पैसे बँकेने भरून दिले. कारकून गेला. अकाउंटंट निलंबित झाले, चौकशी झाली, वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्यांच्यावरचे आरोपपत्र मी वाचले होते. देखरेखीत कसूर केली, व्हाउचरे न पाहता पास केली, सगळे खरे होते. दोन जागा १४ महिने रिकाम्या ठेवणाऱ्याचे नाव मात्र त्या सात पानांत कुठे नव्हते.

म्हणून कॉलिनचे उत्तर मी दोनदा वाचले. चोराला कच्चे कुलूप लागत नाही, थकलेला माणूस लागतो. आणि तो थकलेला आहे हे त्याच्या वरिष्ठांपेक्षा चोराला आधी कळते.

२०२३ पर्यंत जिया टॅन हा सहराखणदार झाला. नव्या आवृत्त्या तोच बांधून प्रसिद्ध करू लागला. मार्चमध्ये त्याने आणखी एक काम उरकले, ते कोणाच्या डोळ्यांत आले नाही. गूगलची एक यंत्रणा अशा मुक्त सॉफ्टवेअरची सतत झडती घेऊन दोष कळवत असते. ती पत्रे कोणाकडे जावीत तिथे त्याने आपला पत्ता घातला. इन्स्पेक्टरची पत्रे आता परस्पर त्याच्याकडे येणार! हे वाचताना माझ्या तोंडून "वा!" निघून गेले. हरामखोरी असली तरी कारागिरी आहे.

प्रत्यक्ष माल कुठे लपवला, तेही पाहण्यासारखे आहे. फायली दाबणाऱ्या उपकरणाची चाचणी घ्यायची तर मुद्दाम मोडक्या, बिघडवलेल्या फायलीही लागतात. त्या माणसाने वाचायच्या नसतातच. वाचल्या तरी कचराच दिसणार. जिया टॅनने असल्या दोन चाचणीच्या फायलींमध्ये चोरदरवाजाचे तुकडे पुरले. बँकेतल्या जुन्या माणसांना मी एवढेच सांगेन, सस्पेन्स खाते आठवा. जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकायचे आणि तिथे काय आहे हे कोणी विचारायचे नाही. मग ते तुकडे बाहेर काढून जोडणारी छोटी आज्ञावली त्याने चारचौघांसमोर असलेल्या वहीत ठेवलीच नाही. ती होती फक्त वाटपासाठी बांधलेल्या तयार गाठोड्यात. लिनक्सचे वेगवेगळे वितरक, म्हणजे डेबियन, फेडोरा वगैरे, ते तयार गाठोडे घेत. बाहेर दिले जाणारे पुस्तक एक आणि आतली वही दुसरी.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती निघाली, ९ मार्चला ५.६.१. एसएसएचचा एक्सझेडशी मुळात काही संबंध नाही. पण काही वितरकांनी सोयीसाठी एसएसएचला मधली एक कडी जोडली होती, आणि त्या कडीला धरून एक्सझेड आत येत असे. आत आल्यावर चोरदरवाजा किल्ली तपासण्याच्या जागी जाऊन बसे, आणि एका विशिष्ट गुप्त किल्लीने मोहोरबंद केलेला हुकूम आला तर तो पासवर्ड न विचारता, सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने पार पाडी. किल्ली फक्त त्या एकाच मालकाकडे. दुसऱ्या चोराला हे दार सापडले तरी उघडले नसते. हाच पहारा पाळताना जो वेळ जाई, तो फ्रॉइंडचा अर्धा सेकंद.

एका टिंबाची गोष्ट सांगायची राहिली. लिनक्समध्ये लँडलॉक नावाची सोय आहे. प्रोग्रॅमला तिने चार भिंतींत कोंडता येते, त्याने नसत्या ठिकाणी हात घालू नये म्हणून. ही सोय यंत्रात आहे की नाही हे पाहायला एक छोटी चाचणी असते. २६ फेब्रुवारीला जिया टॅनने त्या चाचणीच्या एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब टाकले. फक्त टिंब. त्याने ती ओळ अशुद्ध झाली, चाचणी कायम नापास होऊ लागली, आणि उपकरण समजू लागले की इथे लँडलॉक नाहीच. हे टिंब गाठोड्यात लपवलेले नव्हते. ते उघड्या वहीत, साऱ्या जगासमोर, महिनाभर होते. कोणालाही दिसले नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांचे एक आवडते म्हणणे आहे की पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत. टिंबापुढे हे म्हणणे लटके पडते. वही उघडी असणे निराळे आणि ती कोणी वाचणे निराळे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला जमाखर्च कितीजण वाचतात? पण म्हणून 'बघा, उघड्या कारभाराचे हे असे होते' असे म्हणणाऱ्यांच्याही पंक्तीला मी बसणार नाही. फ्रॉइंडला शंका आली तेव्हा तो कोणाची परवानगी न मागता एसएसएच, एक्सझेड, चाचणीच्या फायली, सगळे उघडून शेवटपर्यंत पाहू शकला. बंद पेटीतले सॉफ्टवेअर असते तर त्याने ग्राहकसेवेला फोन केला असता आणि पलीकडून उत्तर आले असते, अर्धा सेकंद ना, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. गंमत अशी की हा फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. ज्या कंपनीच्या प्रमुखाने, स्टीव्ह बामरने, २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटले होते.

नशिबाचा भागही मोठा होता, आणि खुद्द फ्रॉइंडने ते लपवले नाही. बरेच योगायोग जुळून आले म्हणून सापडले, असे तो सांगतो. बिघडलेली आवृत्ती तेव्हा फक्त नव्या, चाचणीतल्या वितरणांत पोचली होती. डेबियनची स्थिर आवृत्ती, मोठ्या कंपन्या वापरतात ती रेड हॅट एंटरप्राइझ, यांत नव्हती. पण ती लवकर पुढे सरकवा म्हणून डेबियनकडे आणि उबुंटूकडे तगादे सुरू झालेच होते. दोन-चार महिने उशीर झाला असता तर ती जगभरच्या सर्व्हरांत असती. धोक्याचे मोजमाप करणाऱ्यांनी तिला १० पैकी १० गुण दिले, ते उगीच नव्हेत.

आता पैशाकडे येऊ. बँकेतल्या माणसाची नजर शेवटी तिकडेच जाते.

हे पहिल्यांदा घडले असते तर गोष्ट वेगळी. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला तेव्हाच घंटा वाजली होती. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या निम्म्या-अधिक व्यवहारांना कुलूप लावते असे तेव्हा म्हटले जाई. त्यात 'जागा आहेस का?' असे विचारण्याची एक सोय होती: मी चार अक्षरे पाठवतो, तीच मला परत पाठव. दोष हा की चार अक्षरे पाठवून '६४ हजार परत पाठव' म्हटले तरी समोरचे यंत्र मोजून न पाहता देई, आणि उरलेली अक्षरे आपल्या स्मरणातून, म्हणजे दुसऱ्यांचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या यांतून, भरून काढी. विथड्रॉवल स्लिपवर आकडा घालावा आणि कारकुनाने शिल्लक न पाहता नोटा मोजाव्यात, तसे. इथे चोर नव्हता, साधी नजरचूक होती. २०११ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री ती ओळ वहीत गेली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. नंतर हिशेब बाहेर आला तो असा: या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ज्या कुलपावर विसंबून होत्या, त्याच्या रखवालदाराला आमच्या शाखेतल्या वॉचमनइतकाही पगार नव्हता.

त्यानंतर कंपन्यांनी निधी उभारला, ओपनएसएसएलला माणसे मिळाली. पण निधी नेहमी जिथे आग लागून गेली तिथे जातो. एक्सझेडसारखी लहान, जुनी, गाजावाजा नसलेली उपकरणे तशीच राहिली. २०२४ नंतर थोडी हालचाल दिसते. जर्मन सरकारने अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी २०२२ मध्येच एक निधी सुरू केला होता. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना देण्याचे जाहीर केले. आपला सगळा धंदा फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, हे एका भारतीय कंपनीने चारचौघांत मान्य करणे मला महत्त्वाचे वाटले. सरकारचे धोरण २०१५ पासून मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहे. पण त्यात वापरण्याचा भर मोठा आहे, सांभाळणाऱ्याला पोसण्याचा नव्हे. विहीर सार्वजनिक, गाळ कोणी काढायचा यावर मात्र सभा तहकूब.

यावर माझा आणि भाच्याचा वाद झाला. मी म्हटले, "आमच्याकडे खाते उघडायला इंट्रोड्युसर लागायचा. ओळखीच्या खातेदाराने सही केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. तुमच्या या जिया टॅनला कोणी पाहिलेच नव्हते. फोनवर आवाजसुद्धा ऐकला नव्हता!"

तो म्हणाला, "मावशी, तसं अगदीच नाहीये गं. डेबियनमध्ये अधिकृत डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या माणसाने तुझी किल्ली सही करून द्यावी लागते, त्यासाठी माणसं समोरासमोर भेटून ओळखपत्रं बघतात. लिनक्सच्या मुख्य सर्व्हरवर २०११ मध्ये कोणीतरी घुसलं होतं, त्यानंतर गाभ्यावर काम करणाऱ्यांनीही तेच केलं. पण प्रत्येक छोट्या कामाला आधार कार्ड मागितलंस तर येणार कोण? आणि नाव सांगणं ज्यांना धोक्याचं आहे अशा देशातली माणसंही हे काम करतात."

"मग सक्तीची रजा तरी द्या," मी म्हटले. हा नियम मला मनापासून पटतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये तो पुन्हा कडक करून सांगितला: नाजूक जागी बसलेल्या माणसाला वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग निदान १० कामाचे दिवस बाहेर ठेवा आणि त्याचे काम दुसऱ्याला करू द्या. आमचा कारकून टायफॉइडने पकडला गेला; रोगावर विसंबण्यापेक्षा नियम बरा.

भाचा हसला. "रजेवर एकाला पाठवायला जागी दुसरा माणूस लागतो, मावशी. तिथे एकटाच होता."

यावर मला उत्तर सुचले नाही. आमच्या अकाउंटंटच्या बाबतीतही हेच होते.

जिया टॅन कोण हे आजतागायत कळलेले नाही. दोन-अडीच वर्षे एवढ्या सबुरीने काम करणारा एकटा माणूस नसावा, मागे कोणत्या तरी देशाचे हेरखाते असावे, असा अनेक जाणकारांचा कयास आहे. नाव गळून पडले आणि माणूस किंवा माणसे अंधारात मिसळून गेली. पाठीराखी पत्रे लिहिणारी नावेही त्याच्याबरोबरच गेली.

लासे कॉलिन त्या गुड फ्रायडेला इंटरनेटपासून सुटी घेऊन दूर होता. परतल्यावर त्याने एक छोटे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात कांगावा नाही आणि रडगाणेही नाही. त्याच्यावर आरोपपत्र ठेवणारे वरिष्ठ कोणी नव्हतेच. उलट या समाजातल्या पुष्कळांनी त्याला दोष न देता आपण त्याला एकटे सोडले असे लिहिले, याची नोंद केली पाहिजे, कारण आमच्या बँकेत तसे एकानेही लिहिले नव्हते. टिंब त्याने लगेच काढून टाकले. मग जिया टॅनने दोन वर्षांत घातलेल्या नोंदी तपासायला घेतल्या, आणि २९ मे २०२४ रोजी, बरोबर दोन महिन्यांनी, चोरदरवाजा काढलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.